टकरीतले ७५ मायक्रोसेकंद

पोलादाचे दोन छर्रे एकमेकांवर आपटले की ‘टिक्’ असा आवाज येतो आणि ते वेगळे होतात. बारावीच्या पुस्तकात या प्रसंगाची दोनच चित्रं असतात, टकरीआधीचं आणि टकरीनंतरचं. आधी वेग इतका, नंतर इतका, संवेग तेवढाच, गतिज ऊर्जा तेवढीच, गणित संपलं. मधे दोन्ही छर्रे खरोखर एकमेकांना टेकलेले असतात तो वेळ शून्य धरून सोडून दिलेला असतो. मला मात्र वेड आहे ते त्या मधल्या वेळाचंच. त्या वेळात माल, म्हणजे वस्तू ज्याची बनली तो पदार्थ, बोलतो असं माझं पक्कं मत आहे, आणि हा लेख त्यासाठीच.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं मशीनशॉप आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून कास्टिंगं, म्हणजे साच्यात ओतलेले लोखंडी भाग, येतात, आम्ही ती मशीनिंग करून, तपासून पुढे पाठवतो. फिजिक्समध्ये बी.एस्सी. करून मी या धंद्यात आलो. शॉपमध्ये दिवसभर काही ना काही कशावर तरी आपटत असतं. हातोडी कास्टिंगवर, जॉब (कामाला घेतलेला भाग) ट्रॉलीत, हार्डनेस टेस्टरची (कडकपणा मोजायच्या यंत्राची) गोळी घासून घेतलेल्या फेसवर. या प्रत्येक आपटण्याला वेळ लागतो. तो इतका कमी असतो की डोळ्याला कधीच दिसत नाही, पण कानाला बरोबर कळतो. कानाचं नंतर सांगतो, आधी मोजण्याचं.

इतका लहान वेळ मोजायची युक्ती फार जुनी आहे. १८४४ साली फ्रान्सच्या क्लोद पुइये यांनी ती मांडली, आणि त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच ‘स्थितिस्थापक वस्तूंच्या टकरीचा कालावधी’ हे उदाहरण आहे. टक्कर घेणाऱ्या दोन वस्तूच विजेच्या सर्किटचं बटण करायच्या. टेकल्या की सर्किट सुरू, सुटल्या की बंद. तेवढ्या वेळात किती विद्युतभार वाहिला हे गॅल्व्हानोमीटरच्या काट्याच्या झेपेवरून काढायचं, आणि प्रवाह किती होता हे माहीत असलं की भागाकारातून वेळ मिळतो. तेव्हा ना ऑसिलोस्कोप होता, ना इलेक्ट्रॉनिक्स. तरी सेकंदाच्या बारीकशा तुकड्यापर्यंत पोहोचायची वाट त्यांनी शोधली. मला हा माणूस फार मोठा वाटतो.

आपल्याकडे आता ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेतले बदल पडद्यावर दाखवणारा स्कोप आहे, त्यामुळे काम सोपं. मी २५ मिलिमीटर व्यासाचे बेअरिंगचे दोन छर्रे घेतले, प्रत्येकाचं वजन साधारण ६४ ग्रॅम. कडक केलेल्या या पोलादात ड्रिल जात नाही, आणि वेल्डिंग केलं तर ते तापून नरम पडतं. म्हणून वरच्या अंगाला ॲसिड फ्लक्स लावून तांब्याच्या बारीक तारा सोल्डरने डकवल्या. प्रत्येक छर्र्याला दोन तारा, व्हीच्या आकारात ताणलेल्या. त्यामुळे छर्रा एकाच रेषेत झुलतो, इकडेतिकडे भरकटत नाही. टांगलेल्या जागेपासून छर्र्याच्या मध्यापर्यंत सरळ खाली १ मीटर उंची. मग दीड व्होल्टचा सेल, एक किलोओहमचा रेझिस्टर आणि रेझिस्टरच्या दोन टोकांवर स्कोप. स्कोप सिंगल ट्रिगरवर ठेवायचा, म्हणजे पहिल्या टकरीलाच पडद्यावरचं चित्र थांबतं. एक गोष्ट मुद्दाम सांगतो: नव्या छर्र्यांना गंज लागू नये म्हणून तेलाचा हात मारलेला असतो, आणि तेलाचा पातळ थरसुद्धा वीज अडवतो. थिनरने स्वच्छ पुसल्याशिवाय पडद्यावर नीट आकृती येत नाही.

लोलकाची एक सोय आहे. स्थिर लटकत्या जागेपासून छर्रा जितका लांब ओढाल, तितका तळाशी त्याचा वेग, अगदी सरळ प्रमाणात. फक्त अंतर कमानीवरून न मोजता दोन जागांमध्ये पट्टी धरून सरळ मोजायचं. १ मीटरच्या लोलकात ३२ सेंटिमीटर ओढून सोडला की तळाशी सेकंदाला १ मीटर वेग मिळतो. १ सेंटिमीटर ओढला तर त्याच्या बत्तिसावा हिस्सा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ सेंटिमीटर.

३२ सेंटिमीटरवरून सोडला. स्कोपवर चौकोनी ठोकळा उमटला, सरळ वर, सपाट, सरळ खाली. त्याची रुंदी म्हणजे छर्रे एकमेकांना टेकून होते तो वेळ. सूत्राने (ते कोणाचं, ते पुढे येतंच) हिशेब केला तर ७५ मायक्रोसेकंद येतात आणि ठोकळा त्याच्या आसपासच होता. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. ७५ मायक्रोसेकंदांत हवेतला आवाज जेमतेम अडीच सेंटिमीटर जातो, म्हणजे छर्र्याच्या व्यासाइतकाच. एवढ्या वेळात एक छर्रा पूर्ण थांबतो आणि दुसरा तोच वेग घेऊन निघतो.

मग १ सेंटिमीटरवरून सोडला. टक्कर इतकी हलकी की आवाजही कान देऊन ऐकावा लागतो. वेग बत्तीस पट कमी. वेळ किती पट वाढेल? शॉपमधल्या पोरांना मी हे विचारतो तेव्हा कोणी म्हणतं बत्तीस पट, कोणी म्हणतं वेळ तेवढाच राहील. स्कोप म्हणतो दुप्पट. १५० मायक्रोसेकंद. पहिल्यांदा हे बघितल्यावर त्या रात्री मी कागद घेऊन बराच वेळ बसलो होतो.

याचं गणित हाइनरिश हर्ट्झ यांनी केलं. हर्ट्झ म्हटलं की आपल्याला रेडिओ लहरी आठवतात, कंपनांच्या एककाला त्यांचं नाव आहे. पण ते प्रयोग १८८७-८८ चे. त्याआधी, १८८० च्या नाताळच्या सुट्टीत, बर्लिनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांचा सहायक असताना, या तेवीस वर्षांच्या पोराने दोन गोल पृष्ठभाग एकमेकांवर दाबले की नेमकं काय होतं याचा छडा लावला. निमित्त होतं काचेच्या भिंगांचं. दोन भिंगं एकमेकांवर ठेवली की न्यूटनची रंगीत वलयं दिसतात. भिंगं दाबली तर काच किंचित चेपते आणि वलयं बदलतात. ती किती चेपते, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर त्यांनी जानेवारी १८८१ मध्ये बर्लिनच्या भौतिकशास्त्र परिषदेत मांडलं आणि ते १८८२ मध्ये छापून आलं. त्यातच त्यांनी टकरीचा वेळही काढला. १ जानेवारी १८९४ रोजी हर्ट्झ गेले, वयाची सदतीस वर्षंही झाली नव्हती. आज जगातलं प्रत्येक बॉल बेअरिंग त्यांच्या त्या सुट्टीतल्या गणितावर डिझाइन होतं.

आता वेळ दुप्पटच का, ते सांगतो. सूत्राशिवाय सांगता येतं.

समजा छर्र्यांच्या मधे साधी स्प्रिंग आहे. स्प्रिंग दुप्पट दाबली की जोर दुप्पट लागतो, आणि तिच्यात साठलेली ऊर्जा दाबाच्या खोलीच्या वर्गाने वाढते. वेग ३२ पट केला की गतिज ऊर्जा १०२४ पट होते. १०२४ हा ३२ चा वर्ग, म्हणून स्प्रिंग ३२ पट खोल दबेल. अंतर ३२ पट, वेगही ३२ पट, म्हणजे वेळ होता तेवढाच. स्प्रिंगवर आदळणाऱ्या वस्तूचा वेळ जोरावर अवलंबून नसतोच.

पण छर्रा साधी स्प्रिंग नाही. दोन गोल पहिल्यांदा टेकतात ते एका बिंदूवर. थोडं दाबलं की त्या बिंदूचा टिकला होतो. आणखी दाबलं की टिकला रुंदावतो आणि आजूबाजूचा नवा माल ओझं घ्यायला पुढे येतो. म्हणजे जितकं दाबावं तितकी ही स्प्रिंग जास्त ताठ होत जाते. हर्ट्झच्या हिशेबात जोर खोलीच्या दीडव्या घाताने वाढतो आणि साठलेली ऊर्जा अडीचव्या घाताने. आता १०२४ हा कशाचा अडीचवा घात? १६ चा. म्हणून ३२ पट वेगाला खोली फक्त १६ पट वाढते. अंतर १६ पट, वेग ३२ पट, वेळ निम्मा. हेच पुस्तकी भाषेत म्हणायचं तर स्पर्शाचा वेळ वेगाच्या पाचव्या मुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो, आणि ३२ चं पाचवं मूळ २.

याच बत्तीस पटीत बाकीचे आकडेही सुरेख पडतात. वेळ निम्मा होतो, टिकल्याचा व्यास ४ पट, खोली १६ पट आणि कमाल जोर ६४ पट. सेकंदाला १ मीटर वेगाला टिकला सुमारे ०.८ मिलिमीटर व्यासाचा होतो, आणि दोन्ही छर्रे मिळून २५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एकमेकांत चेपतात, म्हणजे प्रत्येकी साडेबारा. कमाल जोर साधारण १५६० न्यूटन भरतो. ६४ ग्रॅमच्या छर्र्यावर क्षणभर १६० किलोचं ओझं! हलक्या टकरीत तोच जोर अडीच किलोवर येतो आणि टिकला ०.२ मिलिमीटरचा राहतो. टिकला बघायचा असेल तर सरफेस प्लेटच्या कामात, म्हणजे पृष्ठभागाचा सपाटपणा तपासताना, वापरतो ती मार्किंग ब्ल्यू (निळा रंग) एका छर्र्याला बोटाने अगदी पुसट लावायची. टकरीनंतर दुसऱ्या छर्र्यावर निळा ठिपका येतो. रंगाच्या थरामुळे तो हिशेबापेक्षा थोडा मोठा दिसतो, पण जोरातल्या आणि हलक्या टकरीतला फरक भिंगाखाली लख्ख कळतो. छर्र्याच्या काळसर चकाकीवरचा तो निळा ठिपका मी पोरांना हमखास दाखवतो. इतक्या कडक पोलादानेही क्षणभर अंग दिलं होतं, याचा तो पुरावा.

आकाराचंही बघा. माल तोच, वेग तोच, आणि छर्रा दुप्पट व्यासाचा घेतला तर वेळ दुप्पट होतो, १५० मायक्रोसेकंद. माल नरम घेतला तरी वेळ वाढतो. काचेच्या १६ मिलिमीटरच्या गोट्या त्याच वेगाने आपटल्या तर सुमारे ४८ मायक्रोसेकंद येतात. काच पोलादापेक्षा खूप कमी ताठ, पण गोटी लहान आणि वजनाला हलकी, म्हणून एकूण वेळ कमीच भरतो. म्हणजे वेळ ठरवतात ते मुख्यतः आकार, वस्तुमान आणि मालाचा ताठपणा. आपण किती जोरात मारलं याला फार थोडी किंमत आहे. जोर आपल्या हातात असतो, वेळ मालाच्या.

इथे कोल्हापूरकर म्हणून मला फुटबॉलचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. शाहू स्टेडियमवर तालीम संघांची मॅच असली की आमच्या शॉपमध्ये दुपारनंतर कोणाचं कामात लक्ष नसतं. फुटबॉलमध्ये हवा असते, आणि त्याची टक्कर छर्र्यापेक्षा वेगळी. चेंडू जमिनीवर आपटून जितका चेपेल तितकं टेकलेल्या भागाचं क्षेत्रफळ सरळ प्रमाणात वाढतं, आणि आतला हवेचा दाब जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे जोर खोलीच्या सरळ प्रमाणात. ही झाली साधी स्प्रिंग! त्यामुळे चेंडू हळू आपटा की जोरात, टेकून राहायचा वेळ साधारण एकच. ४३० ग्रॅमचा चेंडू, ११ सेंटिमीटर त्रिज्या आणि आत ०.८ बार हवा धरली तर हिशेबाने सुमारे ९ मिलिसेकंद येतात. छर्र्यांच्या टकरीच्या शंभराहून जास्त पट. हवा वाढवली तर वेळ घटतो. दाब दुप्पट केला तर सुमारे ३० टक्क्यांनी कमी. मॅचआधी पोरं चेंडू अंगठ्याने दाबून हवा बघतात तेव्हा ती हा वेळच तपासत असतात.

छर्रा आणि फुटबॉल दोन्ही स्प्रिंगसारखे वागतात, एक ताठ होत जाणारी, दुसरी साधी. सळईचं तसं नाही. सारख्या मापाच्या दोन ब्राइट बार (गुळगुळीत पोलादी सळया) घ्या, प्रत्येकी १ मीटर, आणि एक दुसरीच्या टोकावर समोरासमोर आपटवा. टेकताक्षणी टोकावर दाब तयार होतो, पण सळईच्या दुसऱ्या टोकाला अजून काहीच माहीत नसतं. पहिली सळई मागून पुढे सरकतच असते, दुसरीचं लांबचं टोक निवांत असतं. बातमी घेऊन जाते ती दाबाची लाट. पोलादाच्या सळईत तिचा वेग सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर. ती दोन्ही सळयांमधून लांबच्या टोकांकडे धावते. तिथे सळई मोकळी असते, धरायला कोणी नसतं, म्हणून दाबाची लाट उलटून ओढीची लाट बनून परत येते. परत येताना ती वाटेतला दाब पुसत येते. टेकलेल्या टोकांशी ती पोहोचली की दाब संपलेला असतो आणि सळया सुटतात. पहिली थांबलेली असते, दुसरी चाललेली.

म्हणजे स्पर्शाचा वेळ किती? लाटेला जायला आणि यायला जेवढा लागेल तेवढा. १ मीटर जाणं, १ मीटर येणं, सेकंदाला ५ किलोमीटर, ४०० मायक्रोसेकंद. या हिशेबात वेगाचा पत्ताच नाही. हळू मारा, जोरात मारा, ४०० च. सळई अर्धी कापली तर २००. हे गणित सां-व्हनां या फ्रेंच इंजिनिअरांनी १८६७ मध्ये मांडलं, हर्ट्झच्या आधी. प्रत्यक्षात टोकं कधीच पूर्ण सपाट आणि समांतर नसतात, आधी एखादा उंचवटा टेकतो, त्यामुळे मोजलेला वेळ थोडा जास्त येतो. लेथवर टोकं नीट फेसिंग करून (सपाट कापून) घेतली तर बराच जवळ येतो.

मग छर्र्यातही लाट असते की. तिचं काय? असतेच. पोलादाच्या ठोकळ्यात ती सेकंदाला ५.९ किलोमीटरने जाते. २५ मिलिमीटरच्या छर्र्यातून जाऊन परत यायला तिला साडेआठ मायक्रोसेकंद लागतात. टक्कर ७५ मायक्रोसेकंदांची. म्हणजे टक्कर चालू असताना लाट नऊएक वेळा येजा करून जाते, आणि तेवढ्यात सगळ्या छर्र्याला टकरीची खबर मिळून तो एकसंध वागायला लागतो. म्हणून हर्ट्झना लाटेचा विचार न करता, हळूहळू दाबल्याचं गणित टकरीला लावता आलं. सळईत लाटेची एकच फेरी होते आणि टक्कर संपते, म्हणून तिथे लाट हाच सगळा खेळ. हा फरक कळला तेव्हा टकरीचं अख्खं शास्त्र माझ्या डोक्यात जागेवर बसलं.

आता कानाचं.

छर्र्यांचा तो ‘टिक्’ येतो कुठून? कोणीही म्हणेल, छर्रे घंटेसारखे वाजतात. पण २५ मिलिमीटरच्या पोलादी छर्र्याचं सगळ्यात खालचं कंपनसुद्धा सेकंदाला एक लाखाच्या घरात असतं, आणि आपल्याला वीस हजारांच्या पुढचं ऐकू येत नाही. शिवाय ७५ मायक्रोसेकंदांचा धक्का छर्र्याच्या मानाने इतका सावकाश असतो की ती कंपनं फारशी उठतही नाहीत. मग आवाज कसला? याचं उत्तर कलकत्त्यात, चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या भोवती जमलेल्या मंडळींपैकी सुधांशुकुमार बॅनर्जी यांनी १९१६ पासूनच्या निबंधांत दिलं. छर्र्याचा वेग एकदम बदलतो, तेव्हा तो समोरची हवा ढकलतो आणि मागची ओढतो. आपण ऐकतो तो या हवेच्या धक्क्याचा आवाज. आमच्या छर्र्यावर त्या क्षणी गुरुत्वाकर्षणाच्या अडीच हजार पट त्वरण असतं, हवा कशी गप्प बसेल? हेच बॅनर्जी पुढे भारतीय हवामान खात्याचे पहिले भारतीय महासंचालक झाले. आणि खुद्द रामन यांनी १९१८ मध्ये अगदी हळू वेगाच्या टकरींचे फोटो काढून दाखवलं, की वेग कमी कमी करत नेला की परत उसळण्याचं प्रमाण (उसळल्याचा वेग भागिले आदळल्याचा वेग) एकाच्या जवळ जवळ जातं. पुस्तकात जिला स्थितिस्थापक टक्कर म्हणतात ती खऱ्या अर्थाने हळुवार वेगातच सापडते. वेग वाढला की टिकल्याखालचा माल थोडा कायमचा दबतो. रामन म्हटलं की प्रकाशाचा रामन परिणाम एवढंच आपण पोरांना सांगतो. तबल्या-मृदंगावर, पियानोच्या हातोडीवर, छर्र्यांच्या टकरीवर त्यांनी किती जीव लावून काम केलं, हेही शाळेत सांगायला हवं.

कास्टिंगचं मात्र उलट, ते घंटेसारखंच वाजतं. आमच्याकडे तपासणीला एक मामा आहेत. एसजी आयर्नचं (एका प्रकारच्या ओतीव लोखंडाचं) कास्टिंग साखळीला टांगायचं, अडीचशे ग्रॅमची हातोडी हलकेच मारायची, आणि मान तिरकी करून ऐकायचं. नवा आलेला पोरगा एकदा त्यांना म्हणाला, “मामा, नुसत्या आवाजावरनं कसं कळतंय तुम्हास्नी?” मामा म्हणाले, “अरं, हे खणखणीत, आणि हे बद्द. ऐकू येत न्हाई व्हय तुला? हे बाजूला ठेव, लॅबला धाड.”

मामांच्या त्या ‘बद्द’मध्ये दोन गोष्टी असतात. एसजी आयर्नमध्ये ग्रॅफाइट गोल गाठींच्या रूपात असतं. मॅग्नेशियमची प्रक्रिया बिघडली की ते पापुद्र्यांच्या रूपात येतं, साध्या ग्रे आयर्नसारखं. पापुद्रे कंपनं खाऊन टाकतात, म्हणून आवाज लवकर विझतो. आणि मालाचा ताठपणा घटतो, एसजीच्या साधारण १७० गिगापास्कलवरून (हे ताठपणाचं एकक) ग्रेच्या ११० च्या आसपास, म्हणून त्याच पॅटर्नच्या कास्टिंगचा सूर सुमारे एक पंचमांशाने उतरतो. गाणं न शिकलेल्या कानालाही हा फरक कळतो.

यात टकरीच्या वेळाचं काम काय, तर हातोडी किती वेळ टेकली यावर कास्टिंगमधले कोणते सूर जागे होणार हे ठरतं. पोलादी हातोडीचा गोलसर फेस कास्टिंगवर शंभर-सव्वाशे मायक्रोसेकंद टेकतो. त्यामुळे सेकंदाला काही हजार कंपनांपर्यंतचे सगळे सूर चांगले उठतात. तीच टिचकी रबरी मॅलेटने मारली तर स्पर्श कितीतरी लांबतो, कास्टिंगला झटका मिळण्याऐवजी सावकाश ढकल मिळते, वरचे सूर उठतच नाहीत, आणि चांगलं कास्टिंगही मुकं वाटतं. म्हणून मामा आपली हातोडी दुसऱ्या कोणाला देत नाहीत, आणि तिचा फेस घासून सपाट झाला की ग्राइंडरवर परत गोलाई देऊन आणतात. मामांना हर्ट्झचं नाव माहीत नाही. पण हर्ट्झच्या सूत्रात त्रिज्या जिथे बसते, तिथेच मामांचा ग्राइंडर चालतो.

हार्डनेस टेस्टरचीही तीच कथा, फक्त तिथे टक्कर मुद्दाम स्थितिस्थापक ठेवलेली नसते. १९७५ मध्ये डीटमार लीब यांनी काढलेल्या पद्धतीत ५.४५ ग्रॅमचा एक तुकडा, पुढे ३ मिलिमीटरची कार्बाइडची गोळी, सेकंदाला सुमारे २ मीटर वेगाने जॉबवर आपटतो. परत किती वेगाने उसळला ते बघायचं. जितका माल कायमचा दबला तितकी उसळी कमी. पण यात एक गोम आहे. जॉब हलका किंवा पातळ असेल तर तो गोळी टेकलेली असतानाच लवतो, आणि माल कडक असूनही आकडा कमी येतो. म्हणून ५ किलोच्या वरचा जॉब तसाच तपासला तरी चालतो, २ ते ५ किलोचा भक्कम आधारावर ठेवायचा, आणि त्याहून हलका असेल तर पेस्ट लावून जड ठोकळ्याला चिकटवायचा. नियमाच्या मागचं कारण ठाऊक असलं की माणूस पेस्ट लावायचा कंटाळा करत नाही.

रामन यांचा १९२० चा एक निबंध याच गोष्टीवर आहे, प्लेटवर आदळणाऱ्या गोळीवर. प्लेट जाड असेल तर गोळी चांगली उसळते. प्लेट पातळ करत नेली की उसळी घटत जाते, माल जराही दबला नसला तरी. कारण स्पर्शाच्या त्या वेळात प्लेटमध्ये वाकण्याची लाट सुरू होते, चहूबाजूंनी पसरते, आणि ती काठावरून परत येण्याआधीच गोळी सुटून गेलेली असते. लाटेने नेलेली ऊर्जा गोळीला परत मिळत नाही. ती कुठे नष्ट झालेली नसते, प्लेटमध्ये थरथरत असते, फक्त गोळीच्या हिशेबातून गेलेली असते. हर्ट्झचा वेळ आणि लाटेचा वेळ, दोन्ही एकाच प्रयोगात समोरासमोर येतात ते इथे.

हाच प्रयोग मला स्वतः करून बघायचा आहे. माझ्याकडे ३, ६, १० आणि २५ मिलिमीटरच्या एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेटचे तुकडे कटिंगमधून उरलेले आहेत. तोच छर्रा काचेच्या नळीतून सरळ त्यांच्यावर सोडायचा, उसळीची उंची मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये नोंदवायची, आणि प्लेटला एक तार जोडून स्पर्शाचा वेळही घ्यायचा. खाली पडणाऱ्या छर्र्याला तार लावली तर ती त्याला ओढणार, तेव्हा दुसरं टोक कुठून घ्यायचं हे अजून ठरत नाहीये. प्लेटवर अगदी पातळ फॉइल अंतर ठेवून ताणून बसवावी, छर्रा पडला की फॉइल प्लेटला टेकेल आणि सर्किट पुरं होईल, असा विचार चालू आहे. पण फॉइल टकरीचा वेळ किती वाढवेल, ते आधी छर्रा-छर्रा टकरीत फॉइल घालून बघावं लागेल. कोल्हापुरातल्या कोणत्या कॉलेजच्या लॅबमध्ये कोणाला यात रस असेल तर छर्रे, तारा आणि प्लेट मी देतो, फेसिंगही करून देतो.